मदत हवी आहे: रक्त ही संयोजी ऊती कशी?

नमस्कार मंडळी,

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची आणि आता सगळी पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी मराठीत पक्की करून मगच पुढे जाते. अभिस्तर (आवरणाची), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची) या चार ऊती, म्हणजे पेशीसमूहांचे प्रकार, पाठ आहेत, पण डोक्यात नीट बसत नव्हत्या. म्हणून रविवारी कोंबडी आणली तेव्हा आईकडून एक तंगडी मागून घेतली आणि ताटलीत ठेवून बघत बसले.

कातडी ओढली तर खाली कोळ्याच्या जाळ्यासारखा ओलसर पापुद्रा आणि थोडी पिवळी चरबी. मांस बोटांनी फोडलं की उभ्या धाग्यांत सुटतं. खालच्या टोकाला तेच मांस निमुळतं होत पांढऱ्या चकचकीत दोरीत संपतं, ती कापायला सुरीलाही जोर लावावा लागला. हाडाच्या टोकावर गुळगुळीत, निळसर पांढरी कास्थी (कूर्चा).

पापुद्रा, चरबी, दोरी म्हणजे स्नायूरज्जू, कास्थी आणि हाड, हे सगळं संयोजी. जोडतात, आधार देतात, इथवर पटलं. पण त्याच यादीत रक्त! ते काय जोडतं? 'सगळ्या अवयवांना जोडतं' असं उत्तर मिळालं, पण तसं तर चेतातंतूही जोडतात. आणि दोरी मांसाचाच शेवट दिसते, मग ती स्नायू ऊती का नाही? कृपया कोणीतरी समजावून सांगा.

प्रतिसाद १

शंका रास्त आहे. 'जोडणं' बाजूला ठेवा आणि पेशींच्या मधल्या जागेकडे बघा. अभिस्तरात पेशी एकमेकींना खेटून असतात, मध्ये जवळपास काहीच नाही. संयोजीत बहुधा पेशी विखुरलेल्या आणि मध्ये भरपूर आधारद्रव्य, म्हणजे ती मधली जागा भरणारा पदार्थ. हाडात ते कॅल्शियमच्या क्षारांमुळे टणक, कास्थीत लवचीक, रक्तात पातळ. रक्ताचा साधारण 55 टक्के भाग रक्तद्रव्यच (प्लाझ्मा), म्हणजे हे पातळ आधारद्रव्यच असतो. शिवाय मोठ्या माणसात रक्तपेशी तयार होतात त्या हाडांतल्या लाल मज्जेत, म्हणजे नातं घरातलंच.

दोरीचं म्हणाल तर स्नायूतंतूंभोवती आणि त्यांच्या जुडग्यांभोवती संयोजी ऊतीची वेष्टणं असतात. तंतू संपले की ती वेष्टणं एकवटून पुढे स्नायूरज्जूत मिसळतात. त्यात कोलॅजन या प्रथिनाचे धागे असतात, ते स्वतः आकुंचन पावत नाहीत, स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवतात. तिथे रक्तवाहिन्याही कमी, म्हणून तिथली दुखापत भरून यायला वेळ लागतो.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार! जोडणीच्या शब्दातच अडकले होते. आता तंगडीच्या कातडीचं विचारते. वरचा थर अभिस्तर आणि त्याखालचा जाड थर संयोजी, असं दोन्ही लिहिलं तर चालेल ना? गुरुवारी चाचणी आहे.