मदत हवी आहे: उन्हाळ्यानंतर इंकजेट प्रिंटरचा लाल रंग येईना, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) बदलू का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घरी टाकीवाला इंकजेट प्रिंटर आहे, स्कॅन आणि झेरॉक्सही त्यातच. गावात दुसरी सोय नसल्यानं सातबारा, आधारची प्रत, बचत गटाचे ठराव, पोरांचे प्रकल्प, सगळं आमच्याच ओसरीवर येतं. धंदा म्हणावा असा नाही, पण शाईचा खर्च निघून हाती थोडं उरतं.

एप्रिल-मेमध्ये शाळा बंद, शेतीची कागदपत्रंही थंड, त्यामुळे मशीन पडूनच होतं. आता शाळा उघडायच्या तोंडावर सुरू केलं तर मॅजेन्टा, म्हणजे लाल, अर्धाच येतोय. नोझल चेकमध्ये (प्रत्येक रंगाच्या रेघा छापणारं चाचणी पान) काळ्या-निळ्या रेघा अखंड आहेत. पिवळ्याही असाव्यात, त्या उन्हात धरल्याशिवाय दिसतात कुठे! लालच्या रेघा मात्र मधूनच तुटलेल्या. पासपोर्ट फोटोतला धडधाकट माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो.

क्लीनिंग मारलं की थोड्या रेघा परत येतात आणि सकाळपर्यंत पुन्हा गायब. टाकीतली पातळी मात्र डोळ्यांदेखत खाली जाते. तालुक्यातला दुरुस्तीवाला म्हणतो हेड गेलं, आणि त्याचा खर्च जवळजवळ निम्म्या प्रिंटरएवढा सांगतो. शेजारचे काका म्हणतात सिरिंजनं स्पिरिट सोडा.

प्रिंटर कूलरच्या खोलीत, खिडकीशेजारी असतो. लाईट इथे कधीही जाते. काम झालं की आम्ही बोर्डावरूनच बंद करतो. शाई कंपनीचीच. हेड बदलायच्या आधी घरी काही करून बघता येईल का? आणि स्पिरिटचं काय?

खटपट्या: ताई, हेडला हात लावू नका अजून. क्लीनिंग आधी थांबवा. क्लीनिंग म्हणजे शाई ओढून खालच्या पॅडमध्ये टाकणं. ती शाई वाया जातेच, शिवाय पॅड भरल्याचा संदेश आला की मशीन अडून बसतं. तीनदा करून फरक नसेल तर मशीन बंद करून निदान बारा तास तसंच ठेवा आणि मग पुन्हा नोझल चेक काढा. नळीत शिरलेली हवा बऱ्याचदा एवढ्यानं सुटते. तरीही नाही आलं तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे नळ्यांतली सगळी शाई ओढून टाकणारी मोठी सफाई, पण सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच.

खरी गोम तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. तिथे शाई सुकत नाही. बोर्डावरून बंद केलं किंवा छपाई चालू असताना लाईट गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. बहुतेक इंकजेटच्या माहितीपुस्तकात चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत किती होतं ते वेगळं सांगायला नको.

स्पिरिट नको. रबर आणि गोंद दोन्ही खराब होतात. आणि सिरिंजचा दाब जास्त झाला तर चांगलं हेडही जातं.

कापूसवाला: ताई, हेड-बिड काही गेलं नसन. घरात कापूस ठेवता का? आमच्याकडे भावाची वाट पाहत गंजी घरातच राहते न बाप्पा, अन् तिचं तूस सगळीकडे उडते. झाकण उघडून उजव्या कोपऱ्यातली टोपी टॉर्चनं पाहा. तिच्या काठावर एक धागा जरी अडकला तरी टोपी घट्ट बसत नाही, हवा आत जाते न रात्रभरात शाई मागं सरते. तुमची लाल सकाळी गायब होते ते याच्यानंच असन. चिमट्यानं धागा काढा. काठ पुसाले तो फोमवाला इअरबड घ्या, कापसाचा नको, नाहीतर पुन्हा तेच!

खटपट्या: कापूसवालेभाऊंचं बरोबर वाटतं. पुसायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच. बोअरचं पाणी नको, क्षार राहतात. आणि प्लग काढूनच हात घाला.

सरळमार्गी: एवढा उपद्व्याप कशाला? सातबारा काळाच असतो. लेझर घ्या, टोनर काही सुकत नाही.

धानपट्टा: सुकत नाही हे खरं, पण लेझरचा तापणारा रोलर कित्येकशे वॅट ओढतो. घरचा छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो. इंकजेट छापताना साधारण वीसएक वॅटमध्ये भागतं. कॉम्प्युटरचा यूपीएस असेल तर त्यालाच जोडा. लाईट गेली तरी पान पूर्ण होतं आणि बटणानं नीट बंद करता येतं. माझ्या मते रंगीत काम असेल तोवर हेच परवडतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. टोपीच्या काठावर खरंच कापसाचा बारीक पुंजका होता, शाईत भिजून काळा झालेला! शेजारची खोली मार्चपर्यंत कापसानं भरलेली होती, ते आता लक्षात आलं. पुसून रात्रभर बंद ठेवलं. सकाळी लालच्या एक-दोन रेघा सोडून सगळं आलं, आणि दुपारपर्यंत टिकलंय. दुरुस्तीवाल्याला तूर्तास नाही कळवलं. आता प्रश्न एवढाच की पुढच्या उन्हाळ्यात पडून असताना काय करू? आणि हल्ली दोन-दोन कागद एकदम ओढतोय, त्याचं काय?

खटपट्या: आठवड्यातून एक पान, चारही रंग असलेलं, काढत जा. कोऱ्या कागदावर चार रंगांचे पट्टे छापले तरी चालतं. त्यात जाणारी शाई एका क्लीनिंगपेक्षा कमीच. मशीनवर जुना सुती दुपट्टा टाकू नका, पुन्हा तूस. प्लास्टिकचं आवरण घाला.

दोन कागदांचं कारण कूलर. त्याचा ओला वारा थेट ट्रेवर येतो, कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात. आता पावसाळाभर असंच होईल. मशीन दुसऱ्या भिंतीला न्या, ट्रेत लागतील तेवढीच पानं ठेवा आणि उरलेली रीम पिशवीत बांधून कपाटात. ट्रेत टाकण्याआधी गठ्ठा एकदा फडफडवून घ्या.

कापूसवाला: अन् ताई, त्या उरलेल्या दोन रेघांसाठी पुन्हा क्लीनिंग मारू नका. लाल रंगाची चार-पाच पानं काढा, बहुतेक उघडतीन.