मदत हवी आहे : नर नसलेल्या सरड्यांत जनुकीय वैविध्य टिकतं कसं?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, नववी-दहावीच्या मुलांना घरी विज्ञान शिकवते. परवा तुळशीच्या कुंडीतली माती बदलताना वाळा निघाला, काळा, गांडुळाएवढा. मुलांना दाखवला आणि सांगितलं, या सापात सगळ्या माद्याच, नराशिवायच अंडी घालतात. त्यावरून विषय अमेरिकेतल्या व्हिपटेल सरड्यांवर गेला. तिथेही काही जातींत फक्त माद्या. मी म्हटलं, पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब प्रत.

एक मुलगी म्हणाली, "ताई, अंडं होताना गुणसूत्रं निम्मी होतात ना? मग त्या निम्म्याची दुप्पट केली, तर जोडीतली दोन्ही एकसारखीच होतील. मग पिल्लू आईसारखं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. "पुढे कॉलेजात शिकशील" म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये. कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १
ताई, पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. हे सरडे दुप्पट आधी करतात, निम्मे नंतर. 46 गुणसूत्रांची 92 होतात, मग विभाजनानंतर अंड्यात पुन्हा 46. शिवाय प्रत्येक गुणसूत्र आपल्याच ताज्या प्रतीशी जोडी जमवतं. तुकड्यांची अदलाबदल झाली तरी एकसारख्यांतच, त्यामुळे काही हरवत नाही. 2010 साली अमेरिकेतल्या स्टॉवर्स संस्थेच्या संशोधकांनी हे दाखवलं.

मुळात वैविध्य येतं संकरातून. न्यू मेक्सिको व्हिपटेलची पहिली मादी दोन वेगळ्या जातींच्या मीलनातून झाली. त्या दोन्हींचा वारसा आजही प्रत्येक पिल्लात शेजारी-शेजारी असतो. पुढे भर पडते ती उत्परिवर्तनांची.

तिनं सांगितलेला प्रकार मात्र कोमोडो ड्रॅगनमध्ये जवळपास तसाच घडतो. इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांत 2006 मध्ये नराशिवाय अंडी फळली, तेव्हा पिल्लं सगळी नर निघाली! मादीची लिंगगुणसूत्रं झेड-डब्ल्यू. एकाचीच दुप्पट झाली की झेड-झेड, म्हणजे नर. डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार! आज लाल-हिरव्या बांगड्या मांडून करून पाहिलं. आधी निम्म्या केल्या तर एकच रंग उरतो, आधी दुप्पट केल्या तर दोन्ही राहतात. काही व्हिपटेल जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात असं सांगितल्यावर तिनं पिवळी बांगडी मागून घेतली. तिनाचे सहा केले, सहाचे पुन्हा तीन. "ताई, तिन्ही रंग राहिले!"