मदत हवी आहे : पट्ट्यांच्या लांब मफलरची कड आवळली जाते

निफाडच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेत जाणाऱ्या मामांना भेट देण्यासाठी मी अडीच मीटर लांबीचा पट्ट्यांचा मफलर विणत आहे. विणकाम नवीनच शिकत असल्यामुळे सर्व ओळी सुलट टाक्यांच्या आहेत. सुया 8 नंबरच्या, लोकर ॲक्रिलिक आणि प्रत्येक पट्टा 12 ओळींचा आहे. रंग नेहमी एकाच कडेला बदलतो, म्हणून न वापरलेला धागा न तोडता कडेनेच वर नेते. मात्र ती कड आवळून दुसरीपेक्षा आखूड होत आहे. धागा सैल सोडून पाहिला, तर बोट अडकेल असे फासे बाहेर लोंबतात. दर पट्ट्याला धागा तोडल्यास असंख्य टोके लपवावी लागतील आणि गुळगुळीत ॲक्रिलिकची टोके धुण्यात सुटतील, ही खरी काळजी आहे. मफलरच्या दोन्ही बाजू दिसणार असल्याने अस्तर लावायचे नाही. अशा रुंद पट्ट्यांसाठी धागा कडेने न्यायचाच असेल, तर तो किती ओळींनी चालू धाग्याला पिळून घ्यावा, की तोडणेच योग्य?