कुराणातल्या दारूवरच्या तीन आयती (वचनं): अर्थ कसा लावायचा?

प्रश्न (निपाणी): अभ्यासगटात दर वेळी वाद होतो. एक आयत म्हणते नशेत नमाजाजवळ जाऊ नका, दुसरीत साफ मनाई. धरायचं काय?

उत्तर (बेळगाव): भाऊ, आयती पैगंबरांवर उतरल्या तो क्रम बघा. २:२१९ (अध्याय:आयत) मध्ये फायद्यापेक्षा पाप मोठं, ४:४३ मध्ये नशेत नमाज नको, शेवटी ५:९० मध्ये पूर्ण मनाई. सुटी आयत उचलली की घोटाळा होतोच. अर्थ शोधताना आधी कुराणात इतरत्र बघा, मग हदीस (पैगंबरांची वचनं आणि आचरण), मग सहाबांची (पैगंबरांच्या सोबत्यांची) मतं, अरबी शब्दार्थ. कुराणाचा भाष्यकार तबरी (मृत्यू इ.स. ९२३) सनदीसह (कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळीसह) अनेक मतं देऊन बहुतेकदा शेवटी स्वतःचं सांगतो; पहिलं मत वाचून थांबू नका.

उत्तर (खानापूर): नुसतं मराठी भाषांतर पुरत नाही. दारूसाठी कुराणात आलेल्या 'खम्र' या शब्दाच्या धातूचा अर्थ झाकणं. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांनी तो शब्द आंबलेल्या द्राक्षरसापुरता धरला, इतर तीन सुन्नी मजहबांनी (कायद्याच्या पंथांनी) प्रत्येक मादक पेयाला लावला. खरी चर्चा इथे आहे.

प्रश्नकर्ता: मग पुढच्या बैठकीत तिन्ही आयती एकत्रच घेऊ.