बैठक संपल्यावर मागे रेंगाळणारा माणूस

शेतकऱ्यांच्या मानसिक ताणाबद्दल गावोगावी बैठका घेतल्या जातात. ‘या बैठकांत शेतकरी मन मोकळं करत नाहीत, म्हणून त्या निरुपयोगी’ असं काही जण म्हणतात. पहिला भाग खरा आहे. पडलेले भाव, थकलेलं कर्ज यावर लोक तासभर बोलतील. ‘मला रात्र रात्र झोप नाही’ हे चारचौघांत कोण सांगणार? पण निष्कर्ष पटला नाही. बैठकीचं काम कबुली घेणं नाहीच. मदत कुठे आहे आणि ती मागण्यात लाज नाही, एवढं कानावर पडलं तरी पुरे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला होता. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची साखळी. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत होते, १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झालं. नुसत्या भाषणांनी हे होत नाही, मागे साखळी लागतेच.

मी ज्या बैठकांना बसलो, तिथे खरं बोलणं सगळे उठून गेल्यावर व्हायचं. कुणीतरी चपला शोधत उगाच रेंगाळायचा. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे सोबत जा.