पॅसेज मोजता, पण दुपटी?

प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्यांना 'प्रायमरी पेशी (थेट दात्याच्या ऊतीतून घेतलेल्या) पाचव्या पॅसेजपर्यंत बिनधास्त वापरा, आणि अँटिबायोटिक कायम घाला' असा सल्ला कुणीतरी दिलाय. पॅसेज म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटणं. पाचव्या पॅसेजचं अर्धंच खरं आहे. १:२ वाटणी केली (एका फ्लास्कचे दोन) तर एका पॅसेजमागे पेशी साधारण एकदा दुप्पट होतात, १:८ केली तर तीनदा. म्हणजे दोन फ्लास्कवर 'पी ५' (पाचवा पॅसेज) लिहिलेलं असलं तरी एकाच्या दुपटी पाच, दुसऱ्याच्या पंधरा! हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं की मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) साधारण ५० दुपटींनंतर वाढायचे थांबतात. पण थांबण्याच्या बऱ्याच आधी पेशी आपले मूळ गुण गमावू लागतात. त्यामुळे दरवेळी किती पेशी टाकल्या आणि किती निघाल्या, हे वहीत लिहाच. (आमच्याकडे नुसतं 'मस्त वाढल्यात' लिहायचे!)

अँटिबायोटिक कायम घालण्याच्या सल्ल्याशी मात्र असहमत. फ्लास्कमध्ये शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, मग त्या भित्तिकेवरच मारा करणारं पेनिसिलिन काय करणार? माध्यम (पेशी वाढतात तो द्रव) गढूळही होत नाही, त्यामुळे लागण दिसत नाही. आमचे तीन महिने असेच वाया गेले. आता बाहेरून आलेला फ्लास्क आधी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये जातो, मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी निगेटिव्ह आल्यावरच इतरांत मिसळतो.

आणि हो, एकाच दात्याच्या पेशींचे तीन फ्लास्क म्हणजे तीन नमुने नव्हेत. तो एकच दाता. शोधनिबंधाचे परीक्षक हे पहिल्यांदा विचारतात, आणि तोवर त्या दात्याच्या गोठवलेल्या वायल्स (पेशींच्या कुप्या) संपलेल्या असतात.