लॉकडाऊन आणि ऑटिस्टिक दादा, काय करू?

दादा 29 चा, ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न. 25 मार्च 2020 पासून सगळं बंद, पण हा रोज डबा घेऊन दाराशी उभा, लोकल नाही म्हटलं की कानावर हात आणि येरझाऱ्या. आई रडकुंडीला आलीये.

> 'लवकरच सुरू होईल' सांगू नका हो. आधी 14 एप्रिल म्हणाले मग 3 मे, आपणच वैतागलो तर त्याचं काय होत असेल. डबा भरू दे, त्याच वेळेला गच्चीत जाऊन खाऊ दे.

> मी स्वतः ऑटिस्टिक. खरं सांगू, गर्दी नाही, हात मिळवणं नाही, मला तर बरंच वाटलं 😅 छळ झूमचा, सगळे एकदम बोलतात, आणि मास्कचं इलॅस्टिक कानाला टोचतं. मागून बांधायचा सुती मास्क शिवा.

> अय्या, मास्कवरून तर रोज भांडण! आईला सांगते, गच्चीचं उद्याच बघते.